अकरा मिनिटं

ओतिलिया बार्रियानं इंजिन आणलं
हातगाडीत, गोणपाटाखाली,
लंगडं मेंढरू आणावं तसं.
"अकरा मिनिटं चालतं," म्हणाली,
"मग खोकतं आणि मरतं.
जरा थांबलं की पुन्हा अकरा.
चर्चच्या घड्याळापेक्षा नेमकं."

चिलोए बेटावर एप्रिल म्हणजे सफरचंदं.
झाडाखाली, गाड्यात, न्हाणीघरातसुद्धा,
आणि तिचा चरक फिरवणारं हे एकच यंत्र.
ढिगाच्या तळची मऊ पडायला लागली होती,
गांधीलमाशांना त्याची बातमी आधीच लागलेली.

आधी ठिणगी पाहिली. निळी, ठसठशीत.
मरायला टेकल्यावर चोक ओढला
तर चार श्वास जास्त जगायचं.
म्हणजे उपासमार.
आग आहे, घास नाही.

कार्बोरेटरची वाटी सोडवली.
गेल्या हंगामाचं पेट्रोल तळाशी
चिकट, मधाच्या रंगाचं.
जेट खिडकीसमोर धरला:
सुईच्या नेढ्याएवढं आभाळ, तेही अर्धं.
भावाच्या गिटारची सर्वांत बारीक तार
त्यातून तीनदा ओवली
(त्याला अजून सांगितलेलं नाही).
फ्लोट कानाशी हलवून पाहिला,
त्याची सुई, सुईची बैठक, गाळणी, नळी
पुसलं, फुंकलं, जोडलं.
दोरीच्या पहिल्याच झटक्याला सुरू.
ओतिलियानं छातीवर क्रूस काढला.
मी घड्याळ काढलं.

अकरा मिनिटं.

पप्पा म्हणायचे, मढं गरम असतानाच तपास.
लगेच वाटीखालचा स्क्रू सैल केला.
दोन थेंब. मग काही नाही.
नळी उपटली.
तिलाही थेंब थेंब, आणि मग तेही आटलं.
वर टाकी गळ्यापर्यंत भरलेली.

तेव्हा कुठे मी टाकीकडे नीट पाहिलं.
हिरवी. कडेला, जिथे रंग उडालाय,
तिथे खालचा कारखान्यातला लाल.
"रंग कुणी दिला?"
"नोल्बेर्तोनं, मागच्या हिवाळ्यात.
होडी रंगवून उरला होता.
उरलेलं टाकायचं नाही हा त्याचा धर्म.
बाकडं, कोंबड्यांचं दार, हे."
झाकणावरही दोन हात चढवलेले, जाड,
त्यात ब्रशचा एक केस अडकलेला.

झाकण फिरवलं.
टाकीनं श्वास घेतला,
लांब, हपापलेला, शिट्टी वाजवत.
ओतिलिया एक पाऊल मागे सरली.
खाली नळीतून धार लागली
थेट माझ्या बाहीवर.

एवढंच होतं.
झाकणाला एक भोक असतं,
जितकं खाली जाईल तितकी हवा वरून यायला.
ते बुजलं की टाकी देता देता
आतल्या आत ओढून धरते,
आणि आपण दिवसभर जेट साफ करतो.

मी पॉलिशपेपर उचलला.
तिनं माझं मनगट धरलं.
"रंग राहू दे."
शालीची पिन काढली,
चष्मा नव्हता, बोटानं चाचपलं,
खळगा लागला तिथे टोचली.
टोकावर तिळाएवढा हिरवा कण आला.
तो तिनं फुंकून टाकला.
"त्याला भोकं दिसायची नाहीत," म्हणाली.
"होडीतलीसुद्धा."

मी दोरी ओढली. दुसरं काय करणार.

बारावं मिनिट आलं
तेव्हा आम्ही दोघी खाडीकडे बघत होतो,
ओहोटी होती, बदकं चिखलात चरत होती.
तेरावं. चौदावं.
विसाव्याला तिनं स्वतःच बटण दाबलं:
पेट्रोल काय भावानं मिळतं माहीत आहे का तुला.

आठवड्यानं माझ्या दारात
सफरचंदाच्या दारूचा पाच लिटरचा कॅन,
गळ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली:
झाकण आवळू नकोस.
अजून फसफसतंय.